डॉ. खानखोजे यांची मुक्त कृषिशाळा

१९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले. बुटक्या जातीचे हे बियाणे त्या वर्षीच्या रब्बी हंगामात पेरले गेले आणि पुढे हरितक्रांती या नावाने जे पर्व ओळखले गेले, त्याचा तो प्रारंभ ठरला. ते पीक शेतात उभे असतानाच, २२ जानेवारी १९६७ रोजी, नागपुरात एका वयोवृद्ध गृहस्थाचे निधन झाले. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यांचे नाव. मेक्सिकोच्या शेतीत त्यांनी आपल्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे घालविली होती.

या दोन घटनांच्या योगायोगावरून खानखोजे यांना हरितक्रांतीचे आद्य जनक ठरविण्याचा मोह काहींना होतो. हा मोह टाळला पाहिजे. भारतात आलेला तो गहू डॉ. नॉर्मन बोरलॉग यांच्या संशोधनातून निघाला आणि बोरलॉग मेक्सिकोत पोहोचले ते १९४४ साली. खानखोजे यांचे मुख्य पीक मका होते आणि त्यांच्या कामाचा ऐन बहर त्याआधी दीड-दोन दशकांचा. वस्तुतः त्यांचा मोठेपणा उसन्या श्रेयावर अवलंबून नाही. शेतीचे संशोधन कोणी करावयाचे, कोठे करावयाचे आणि त्यातील अपयशाचा भार कोणी उचलावयाचा, या प्रश्नांना त्यांनी दिलेले उत्तर हरितक्रांतीने दिलेल्या उत्तराहून वेगळे होते. महाराष्ट्राच्या शेतीला आज त्या उत्तराची गरज आहे, म्हणून हे चरित्र पुन्हा उजळणे अगत्याचे वाटते.

खानखोजे यांचा जन्म गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८८० नंतरच्या दशकात, वर्ध्याला झाला. पुढचे शिक्षण नागपुरात झाले. त्यांच्या शाळकरी वयात मध्यप्रांताने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पाहिले. दुष्काळात धान्य अजिबात नसते असे नाही. ते विकत घेण्याची ऐपत उरत नाही, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या ग्रंथांत पुष्कळ उशिरा आली. वर्धा-नागपूरकडच्या माणसांना ती तेव्हाच अनुभवाने कळली होती. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने भारलेल्या त्या पिढीतील अनेक तरुणांप्रमाणे खानखोजे यांनाही सशस्त्र क्रांतीचा ध्यास लागला. १९०६ च्या सुमारास देश सोडून ते जपानमार्गे अमेरिकेस गेले.

अमेरिकेत त्यांनी दोन शिक्षणे बरोबरीने घेतली. सॅन राफेल येथील माउंट टॅमलपायस लष्करी विद्यालयात ते युद्धशास्त्र शिकले आणि ओरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत शेतीशास्त्र. मजुरी करून पोट भरणाऱ्या पंजाबी कामगारांमध्ये मिसळून त्यांनी संघटना बांधली. १९१३ साली जी गदर चळवळ उभी राहिली, तिच्या आद्य संघटकांत सोहनसिंग भकना आणि लाला हरदयाळ यांच्याबरोबर हा वर्धेकरही होता. याच चळवळीतील दुसरे मराठी तरुण विष्णु गणेश पिंगळे यांना १९१५ च्या नोव्हेंबरात लाहोर येथे फाशी झाली. खानखोजे पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणात ब्रिटिशांशी लढत होते. जखमी होणे, पकडले जाणे, निसटणे, वेष आणि नाव पालटून टोळ्यांमध्ये राहणे, असे सारे प्रकार त्यांच्या वाट्याला आले. युद्धानंतर बर्लिन झाले. १९२१ साली भारतीय क्रांतिकारकांच्या तुकडीबरोबर मॉस्को झाले. मायदेशी परतण्याचा मार्ग मात्र ब्रिटिशांनी बंद केलेला होता. तेव्हा १९२४ साली ते मेक्सिकोस गेले.

येथून पुढचे चरित्र सामान्यतः उत्तरकांडासारखे थोडक्यात आटोपले जाते. बंदूक खाली ठेवली आणि नांगर हाती घेतला, असे म्हणून चरित्रकार मोकळे होतात. परंतु अर्थकारणाच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांचे खरे काम येथूनच सुरू होते.

मेक्सिकोत १९१० साली क्रांतीला आरंभ झाला होता. १९१७ च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदाऱ्या मोडून गावांना जमीन देण्याचे तत्त्व मान्य केले. शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झापाटा १९१९ साली मारला गेला, तरी जमीनवाटपाची मागणी मागे पडली नाही. अशा वेळी राष्ट्रीय कृषिविद्यालय राजधानीतून चापिंगो येथील एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात हलविण्यात आले. एके काळी जेथे मालकाचे कारभारी बसत, तेथे शेतकऱ्यांच्या मुलांचे वर्ग भरू लागले. खानखोजे यांना याच विद्यालयात अध्यापकाचे काम मिळाले. नवी भाषा शिकून ते वनस्पतिशास्त्र व पीकसुधारणा हे विषय शिकवू लागले.

जमीन मिळाली म्हणजे शेती पिकली असे होत नाही, हे तेथे लवकरच दिसून आले. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबलेल्या माणसाच्या नावे अचानक जमीन झाली, तरी बियाणे, अवजारे, पत आणि प्रयोगाचा अनुभव या चारही गोष्टींत तो दुबळाच राहतो. कूळकायद्यानंतरच्या महाराष्ट्राने हाच अनुभव घेतला आहे. भूमिसुधारणेला ज्ञानसुधारणेची जोड हवी, हे खानखोजे यांनी ओळखले आणि त्यासाठी त्यांनी मेक्सिकोच्या गरिबाचे पीक निवडले, ते म्हणजे मका.

आपल्याकडे मक्याची ओळख बहुधा चवीपुरती. पावसाळ्यात बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापाशी कोळशावर भाजलेले, लिंबू-तिखट लावलेले कणीस खाताना आपण हातात काय धरले आहे, याचा विचार सहसा मनात येत नाही. मेक्सिकोत मात्र मका म्हणजे रोजची भाकरी. त्याचा जन्मही तेथलाच. तेओसिंते नावाचे एक रानटी गवत आजही तेथे उगवते. तो मक्याचा पूर्वज होय. या गवताला अनेक फांद्या फुटतात, अनेक लहान कणसे लागतात आणि प्रत्येक कणसात टणक कवचाचे थोडेसे दाणे असतात. माणसाने हजारो वर्षे निवड करून त्यातून एका ताटाचा, मोठ्या कणसाचा मका घडविला. या निवडीत कणीस मोठे झाले, परंतु रानटी पूर्वजाचा बहुप्रसवपणा व काटकपणा पुष्कळ अंशी गमावला गेला. खानखोजे यांनी मका व तेओसिंते यांचा संकर करून हा हरवलेला गुण परत आणण्याचा प्रयत्न केला. एका ताटाला अनेक कणसे धरणारा मका त्यांच्या वाफ्यांत उभा राहिला. टीना मोदोत्ती या इटलीत जन्मलेल्या छायाचित्रकर्तीने टिपलेली त्या कणसांची छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात.

मक्याचा आणखी एक स्वभाव येथे ध्यानात घेतला पाहिजे, कारण खानखोजे यांच्या पुढच्या कामाचे मर्म त्यावरून उलगडते. मक्याचा पुंकेसर वर तुऱ्यात असतो आणि स्त्रीकेसर खाली कणसावर. पराग वाऱ्याने उडतो. माझ्या शेतातील कणसात दाणा भरतो तो पुष्कळदा शेजाऱ्याच्या तुऱ्यातील परागाने. मी कितीही निवडक बी पेरले आणि शेजाऱ्याने हलके बी पेरले, तर दोन-तीन हंगामांत माझे वाण बिघडते. गव्हाचे तसे नाही. गव्हाचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून त्याचे वाण टिकविणे एकट्या शेतकऱ्याला जमते. मक्याचे बी सुधारावयाचे, तर आधी गावाचे एकमत व्हावे लागते. कोणते वाण, कोणत्या शिवारात, कोणत्या वेळी पेरावयाचे, हे सर्वांनी मिळून ठरवावे लागते. अर्थशास्त्राच्या वर्गात एकाच्या कृतीचा दुसऱ्यावर होणारा बाह्य परिणाम शिकविताना आम्ही कारखान्याच्या धुराचे उदाहरण देतो. मक्याचा पराग हे त्याहून सुंदर उदाहरण आहे.

तेव्हा विद्यालयाच्या कुंपणाआड उत्तम वाण तयार करणे एवढ्याने भागणार नव्हते. संशोधनालाच गावात जावे लागणार होते. या जाणिवेतून खानखोजे यांनी मुक्त कृषिशाळांची कल्पना साकारली. शेतकऱ्यांच्या संघटनांच्या सहकार्याने चापिंगोच्या परिसरातील गावांत या शाळा निघाल्या. तेस्कोकोजवळच्या चिकोन्क्वाक गावी १९२८ च्या सुमारास चाललेल्या शाळेला झापाटाचे नाव दिलेले होते. शिक्षण विनामूल्य होते आणि प्रवेशाला पदवीची अट नव्हती. बियाण्याची निवड, जमिनीची मशागत, पिकाची निगा या गोष्टी फळ्यावर नव्हे तर वाफ्यात शिकविल्या जात. शिकणारा प्रौढ शेतकरी होता. आपल्या मातीची, पावसाची आणि जुन्या वाणांची माहिती त्याच्यापाशी होती. शास्त्रज्ञापाशी संकराचे शास्त्र होते. दोघांपैकी एकाची विद्या दुसऱ्यावाचून अपुरी होती, आणि ती परस्परांना पुरविण्याची जागा म्हणजे ही शाळा.

या कामाभोवती काही असामान्य माणसे गोळा झाली. मोदोत्तीचा उल्लेख वर आलाच आहे. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा हे तर चापिंगोच्या भिंतींवर १९२४ ते १९२७ या काळात शेतकऱ्याच्या मुक्तीची चित्रे रंगवीत होते. राजधानीतील शिक्षणखात्याच्या इमारतीत १९२८ साली त्यांनी रंगविलेल्या भित्तिचित्रात भोवती जमलेल्या कष्टकरी माणसांसाठी भाकर मोडणारा जो पुरुष दिसतो, तो खानखोजे यांच्या रूपात आहे. परक्या देशातील सर्वांत मोठ्या चित्रकाराने रोजच्या अन्नाचे चित्र काढताना नमुना म्हणून विदर्भातला माणूस निवडावा, हा मान थोडा नाही.

प्रयोगाची जोखीम हा या शाळांचा खरा अर्थशास्त्रीय आशय होय. नव्या वाणाचा वा नव्या पद्धतीचा लाभ सर्वांना होतो, परंतु पहिला प्रयोग फसला तर तोटा एकट्याचा होतो. श्रीमंत शेतकरी तो सोसू शकतो. गरीब शेतकऱ्याच्या बाबतीत फसलेला हंगाम म्हणजे घरातील उपासमार अथवा सावकाराचे दार. तो नवे स्वीकारत नाही, याला आपण अडाणीपणा म्हणतो, पण तो त्याचा काटेकोर हिशेब असतो. हा हिशेब व्याख्यानांनी वा भित्तिपत्रकांनी बदलत नाही. प्रयोगाचा तोटा सार्वजनिक वाफ्यात झाला आणि निष्कर्ष मात्र प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर राहिला, तरच तो बदलतो. गावातली कृषिशाळा म्हणजे वस्तुतः जोखमीचे सहकारी वाटप होते.

पुढे वारे फिरले. लाझारो कार्देनास यांच्या कारकीर्दीत, १९३४ ते १९४० या सहा वर्षांत, सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमिनीचे वाटप झाले. परंतु संशोधनाचा रोख नंतर बदलला. १९४३ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने मेक्सिकोत नवा कार्यक्रम सुरू झाला. निवडक केंद्रे, प्रशिक्षित तज्ज्ञ, ओलिताची जमीन, खते आणि त्यांना प्रतिसाद देणारे वाण, अशी त्याची रचना होती. गव्हात या कार्यक्रमाने विलक्षण यश मिळविले आणि १९७० साली बोरलॉग यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते सर्वथा उचित होते. १९६५ व १९६६ च्या अवर्षणांनंतर परदेशी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसलेल्या भारताला त्या बियाण्याने आधार दिला, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तथापि हे यश कोणत्या पिकात व कोणत्या जमिनीत मिळाले, हे पाहिले पाहिजे. आपलाच पराग घेणारा गहू पोत्यात भरून एका देशातून दुसऱ्या देशात नेता येतो. कालव्याचे पाणी मिळाले की पंजाबातले शेत मेक्सिकोतल्या शेतासारखे वागते. पण वाऱ्यावर फळणारे, पावसावर वाढणारे आणि दर दहा कोसांवर माती बदलणाऱ्या प्रदेशातले पीक असे पोत्यात भरता येत नाही. मेक्सिकोतही ओलिताखालच्या गव्हाइतकी प्रगती डोंगरउतारावरच्या लहान शेतकऱ्याच्या मक्यात झाली नाही. महाराष्ट्रात ज्वारी, तूर आणि कोरडवाहू कापूस यांची कहाणी याहून वेगळी नाही. राज्याची बहुतांश शेती आजही पावसावर आहे. अशा शेतीला बाहेरून आलेले तयार उत्तर पुरत नाही. तेथे प्रश्नाच्या जागीच उत्तर शोधावे लागते.

खानखोजे यांनी १९३६ साली जान सिंदिक या बेल्जियन महिलेशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. मायदेशाचे दार उघडले ते स्वातंत्र्यानंतर. १९४९ साली मध्यप्रांताच्या सरकारला कृषिविषयक सल्ला देण्यासाठी ते आले आणि १९५५ मध्ये कुटुंबासह कायमचे नागपुरास परतले. त्यांची विद्या मायदेशात मोठ्या प्रमाणावर राबविली गेली नाही. ते वारले तेव्हा महाराष्ट्रात एकही कृषिविद्यापीठ नव्हते. राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली आणि अकोल्याचे १९६९ साली स्थापन झाले. वीणा गवाणकर यांनी मराठीत आणि कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले, म्हणून त्यांची स्मृती आज शाबूत आहे. २०२२ साली चापिंगो येथे लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्यांचा पुतळा उभारला गेला.

त्यांची पद्धत मात्र, त्यांचे नाव न घेता, महाराष्ट्रात अधूनमधून प्रकट होत राहिली. सांगली-तासगाव भागात श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराने शेतकऱ्यालाच प्रयोगकर्ता मानले. गणिताचा हा अध्यापक द्राक्षबागांत बसून नोंदी ठेवण्याची, निरीक्षणे पडताळण्याची आणि ती एकमेकांस कळविण्याची शिस्त लावीत होता. थॉमसन सीडलेस या परदेशी वाणातून निवडलेले तास-ए-गणेश हे वाण तासगाव परिसरातील शेतकऱ्याच्या नजरेतून निघाले आणि सोनाका हे सोलापूरजवळच्या नान्नज येथील शेतकऱ्याच्या. पुण्याजवळ मांजरी येथे द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९७ साली आले. त्याच्या कितीतरी आधी बागायतदारांचा संघ आपले ज्ञान आपसांत वाटून घेत होता. शेतकऱ्यांच्या शाळा शेतातच भरविण्याची पद्धत १९८९ साली इंडोनेशियात भातावरील किडींच्या निमित्ताने सुरू झाली व जगभर पसरली. आपल्या कृषिखात्याच्या शेतीशाळा तिच्याच धर्तीवर चालतात. चिकोन्क्वाकची शाळा त्याहून साठ वर्षे जुनी आहे.

आज शेतीत नवे तंत्र म्हणून ज्याचा गाजावाजा आहे, त्या हरितगृहांच्या बाबतीत हा धडा विशेष लागू पडतो. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली ऊन, ओल आणि खत यांवर ताबा ठेवून पीक घेणे ही कल्पना उत्तम आहे. थेंबाथेंबाने पाणी दिल्याने त्याची बचत होते, अवकाळी पावसापासून पीक वाचते, थोड्या जागेत अधिक उत्पन्न निघते. तळेगाव दाभाडे परिसरातील गुलाब परदेशी जातात ते याच आच्छादनाखालून. २००५-०६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय फलोत्पादन अभियानात हरितगृहाच्या मान्य खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदानाची सोय झाली आणि अनेक लहान शेतकरी त्याकडे वळले.

परंतु अनुदान सांगाड्याला मिळाले, प्रयोगाला नव्हे. उरलेली रक्कम बहुधा कर्जाची असते. वादळात आच्छादन फाटते, त्याच त्या मातीत सूत्रकृमी वाढतात, आणि सर्वांनी एकाच वेळी ढोबळी मिरची वा जरबेरा लावला की बाजारात भाव कोसळतो. हे तिन्ही प्रश्न एकट्याने सुटणारे नाहीत. कीड कुंपण जाणत नाही आणि बाजारभाव तर मक्याच्या परागासारखाच शेजाऱ्याच्या पेरणीवर अवलंबून असतो. आकाशावर छप्पर घातले म्हणून शेतकरी एकटा पुरेसा होत नाही. उलट भांडवल जितके अधिक गुंतलेले, तितकी एकटेपणाची किंमत अधिक. हे तंत्र तयार संच म्हणून विकले गेले आणि त्यातील जोखीम घेणाऱ्याच्या सातबाऱ्यावर टाकली गेली, तेथे घरे कर्जात बुडाली. जेथे शेतकऱ्यांचे गट, जाणकार मार्गदर्शक आणि बाजाराची माहिती यांची सांगड बसली, तेथे तेच तंत्र तरून निघते.

यातून करावयाच्या गोष्टी दूरच्या नाहीत. विद्यापीठांनी आपल्या प्रयोगांचा ठरावीक भाग शेतकऱ्यांच्या जमिनीवर, त्यांच्या सहभागाने करावा. तो फसल्यास हंगामाची भरपाई संशोधनाच्या तरतुदीतूनच मिळावी. फसलेल्या प्रयोगांचे अहवाल यशस्वी प्रयोगांइतक्याच तपशिलाने मराठीत प्रसिद्ध व्हावेत, कारण शेजारच्या तालुक्यातील शेतकऱ्याला त्यांचीच अधिक गरज असते. आणि नव्या तंत्रावरील अनुदानाचा एक हिस्सा लोखंड व प्लॅस्टिक यांऐवजी गटाच्या शिक्षणावर खर्च व्हावा. यासाठी नवे खाते नको. शास्त्रज्ञाने शेतकऱ्याला लाभार्थी न मानता सहकारी मानावे, एवढे पुरे.

हा प्रश्न केवळ खेड्याचा आहे, असे बोरीवली-अंधेरीच्या नोकरदार वाचकाने समजू नये. वसई, पालघर, नाशिक, जुन्नर येथून रोज पहाटे जी भाजी आपल्या मंडईत येते, तिच्या भावात कोणाच्या तरी फसलेल्या प्रयोगाचा तोटा दडलेला असतो. टोमॅटो एका महिन्यात शंभरीला जातो आणि दुसऱ्या महिन्यात रस्त्यावर ओतला जातो, तेव्हा आपण व्यापाऱ्याला किंवा सरकारला दोष देतो. त्यांचा दोष असेलही. परंतु पेरणीपूर्वीचे ज्ञान आणि पेरणीनंतरची जोखीम वाटून घेण्याची व्यवस्था आपण उभी केलेली नाही, हे त्यामागचे मूळ कारण आहे. ही व्यवस्था उभी करता येते, हे वर्ध्याच्या एका निर्वासिताने, परक्या भाषेत, परक्या मातीत, शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. चापिंगोत त्यांचा पुतळा आहे. महाराष्ट्रात त्यांच्या पद्धतीची एक शाळा प्रत्येक तालुक्यात निघाली, तर त्यांचे देणे काही अंशी फिटेल.